लॉगच्या पुस्तकातली पहिली ओळ

वडिलांची बदली गडचिरोलीच्या नव्या कचेरीत झाली, तेव्हा मी चंद्रपूरच्या इंग्रजी शाळेतून नुकतीच दहावी झाले होते. गडचिरोलीत आम्हाला क्वार्टर मिळायचं होतं आणि माझ्या अकरावी विज्ञानाची सोय तिथे नीट लागत नव्हती. म्हणून मला ब्रह्मपुरीला कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. वसतिगृह म्हणजे भाड्याने घेतलेलं एक लांबट घर. मागे धानाचं गोदाम होतं, त्यामुळे हिवाळ्यात सगळ्या चादरींवर कोंड्याचा बारीक थर बसायचा.

तिथे मुलींना गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत होती. सिंदेवाही, मूल, आरमोरी. माझ्या खोलीत होती ती पोंभुर्णा. तिचं गाव खरं तर पोंभुर्ण्याहून पुढे जंगलात होतं, पण तेवढं लांब नाव कोण घेणार. मला मात्र चंद्रपूर म्हणत नसत. मला कॉन्व्हेंट म्हणत.

मी फारसं बोलत नसे. माझं मराठी घरातलं होतं, त्यांचं बोलणं वेगळं होतं. 'मला' म्हटलं की कोणीतरी हसून 'मले' म्हणायचं. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण मी कमी वाक्यांत काम भागवायला शिकले. विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत होती आणि बाकीच्या साऱ्या मराठी शाळांतून आलेल्या. मला इंग्रजी येतं म्हणजे मला भौतिकशास्त्र येतं, असं त्यांनी ठरवून टाकलं. तसं नव्हतं. पण तसं नाही हे सांगायला बोलावं लागलं असतं.

गणितं सोडवायला आमच्याकडे लॉगचं पुस्तक होतं. पातळ, वहीच्या अर्ध्या आकाराचं, आत नुसते आकडे. मोठे गुणाकार-भागाकार करायचे तर प्रत्येक संख्येचा लॉग या पुस्तकात बघायचा, लॉगांची बेरीज-वजाबाकी करायची आणि शेवटी मागच्या पानांवरून उलटा शोध घेऊन उत्तर काढायचं. सगळ्यांच्या पुस्तकांना जुन्या कॅलेंडरची कव्हरं होती. मागची पानं पुढच्या पानांपेक्षा जास्त मळलेली असत, कारण उलटा शोध घेताना बोट जास्त वेळ फिरतं.

वसतिगृहात हे काम दोघी मिळून करत. एक पाहणारी, एक लिहिणारी. पाहणारी ओळीखाली हेअरपिन आडवी धरायची.

"चौतीस, पाचाखाली," लिहिणारी म्हणायची.

"त्रेपन्न अठ्ठ्याहत्तर."

"पुढं काई?"

"पुढं काई नाई. लिही."

संध्याकाळी चारी खोल्यांतून हे आकडे ऐकू यायचे. स्वयंपाकाच्या बाई म्हणायच्या, "पोरी अभ्यास करून राह्यल्या का लिलाव करून राह्यल्या?" परीक्षेत सगळं एकटीलाच करायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ही पद्धत कोणी मोडली नाही. एकटीने केलं की झोप येते, असं कारण होतं.

माझ्याकडे कॅल्क्युलेटर होता. मुंबईच्या काकांनी दहावीच्या निकालानंतर दिलेला, लॉग, साइन, सगळ्याची बटणं असलेला. तोवर त्या मुलींनी साधा कॅल्क्युलेटर बँकेत पाहिला होता, असला नाही. त्याला गोल सपाट सेल लागायचे आणि ते ब्रह्मपुरीत मिळत नसत, नागपूरहून आणवावे लागत. म्हणून खोल्यांमधल्या सगळ्यात मोठ्या मुलीने, आरमोरीने, नियम केला: आधी कागद, मग मशीन. कागदावर उत्तर आलं की माझ्या खोलीत यायचं आणि मशीनला विचारायचं. "मशीनले विचारलं का?" हे वसतिगृहातलं नेहमीचं वाक्य झालं. दसऱ्याला पुस्तकांबरोबर त्याचीही पूजा झाली. झेंडूच्या पाकळीचा एक तुकडा बटणांच्या फटीत गेला, तो पुढे तसाच राहिला.

नियम फार दिवस टिकला नाही. भौतिकशास्त्राचे सर गणिताच्या पानावर उजवीकडे लॉगची आकडेमोड मागायचे. ती नसेल तर उत्तर बरोबर असूनही मार्क कापायचे. मुली आधी मशीनवर उत्तर काढायच्या आणि मग उजवीकडचा रकाना खालून वर भरत न्यायच्या. शेवटचा आकडा जुळला नाही तर मधला एखादा बदलायचा. रकाना नीटस दिसायचा. सरांच्या हातून अशा किती वह्या गेल्या असतील, त्यांना ते कळत असावं. ते काही बोलत नसत. वर्गातल्या वह्या आणि परीक्षा या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

पोंभुर्णा तसं करत नसे. ती मशीनला शेवटी विचारायची नाही, मध्येच विचारायची. एका पायरीवर थांबून, फक्त तेवढ्या पायरीचं. तिचे वडील शेतकरी, थोडी धानाची शेती. मोठा भाऊ प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांच्या गावच्या मामा तलावाची, मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावाची, पाळ फुटली होती तेव्हा एक ओव्हरसियर येऊन मोजमाप करून गेला. ती तेव्हा आठवीत होती आणि तो सगळा दिवस त्याच्यामागे फिरली. तेव्हापासून तिला ओव्हरसियर व्हायचं होतं. बारावीनंतर डिप्लोमा करायचा होता. भावाने घरी सांगून तिच्यासाठी दोन वर्षं मागून घेतली होती, अकरावी आणि बारावी. त्यातलं एखादं वाया गेलं तर तिसरं मिळणार नाही, हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तक्रार म्हणून नाही, एसटीची वेळ सांगावी तसं.

अकरावीच्या दिवाळीनंतर तिने एकदा ०.०३४५ दाबून लॉगचं बटण दाबलं. पडद्यावर आलं उणे १.४६२१८०९. पुस्तकातून तिच्याकडे वेगळंच होतं. एकाहून लहान संख्येचा लॉग पुस्तकातून काढला की पहिल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारतात, तिला बार म्हणतात. तिच्या वहीत बार दोन आणि पुढे ५३७८ होतं.

"तुह्यं मशीन चुकते," ती म्हणाली.

"चुकत नाही."

"मग पुस्तक चुकते?"

"तेही नाही."

"दोघं बी बरोबर कसे?"

मला नीट सांगता आलं नसतं. शाळेत मी बार शिकले होते, पण तो काय असतो असं कोणी विचारलं नव्हतं. ती वही घेऊन खिडकीत जाऊन बसली आणि जेवणाची घंटा झाल्यावर म्हणाली, "बार दोनातले फक्त दोन शून्याच्या खाली आहेत. त्रेपन्न अठ्ठ्याहत्तर वरच आहे. दोनातून ते वजा केलं की एक पूर्णांक शेचाळीस बावीस. तेच तुह्यं मशीन दाखवते."

"हो."

"मग हे अर्धं खाली अर्धं वर काऊन ठेवतात?"

"पुस्तकात उणे आकडे छापलेले नसतात. म्हणून असेल."

"तलावाचं पाणी मोजाचं तर काठापासून मोजा, नाई तं तळापासून मोजा. दोन्हीकडून कोन मोजते?"

त्या दिवसापासून तिने बार लिहिणं सोडलं. लॉग पुस्तकातूनच बघायची, पण बघितल्याबरोबर त्याचा साधा उणे आकडा करून घ्यायची आणि पुढची सगळी बेरीज-वजाबाकी त्यावर करायची. शेवटी उत्तर काढण्यापुरती परत पुस्तकाच्या पद्धतीवर यायची. यात एक पायरी वाढत होती. पण बारच्या बेरजेत हातचा आला की आम्ही सगळ्या अडखळायचो, तिथे ती अडखळत नसे. मुली तिला नव्या नवरीसारखं चिडवायच्या.

"बाप्पा, हिनं तं बारले घरातून काढला," मूल म्हणायची.

"नांदत नव्हता," ती म्हणायची.

सर तिची वही तपासताना काही म्हणाले का, ते मला माहीत नाही. बहुधा पाहिलंच नसावं. वर्ग मोठा होता, आणि वह्या तपासायचं काम पुष्कळदा प्रयोगशाळेतले भाऊ सरांच्या सहीचा शिक्का घेऊन करायचे.

बारावीची प्रिलिम जानेवारीत होती. त्या दिवसांत वडशाकडे नाटकांचा हंगाम जोरात असतो. गावोगावी मंडप पडलेले, कॉलेजच्या भिंतींवर रंगीत पोस्टरं. मुलं रात्रभर नाटकं पाहून यायची आणि पेपरात बाकावर डोकं टेकायची. त्या वर्षी पहिल्याच दिवशी काही जणांकडे चिठ्ठ्या सापडल्या. दुसऱ्या दिवशी वडशाच्या एका भात-गिरणीवाल्याच्या मुलाच्या मनगटावरचं घड्याळ जप्त झालं. त्या घड्याळात बारीक बटणांचा कॅल्क्युलेटर होता. प्राचार्यांनी सूचना लावली: प्रिलिममध्ये ज्याची नक्कल सिद्ध होईल त्याचं बोर्डाचं हॉल तिकीट कॉलेज देणार नाही. वर्ष जाईल.

मग भौतिकशास्त्राचा पेपर झाला. त्यानंतर काही दिवसांनी शिपाईभाऊ वसतिगृहात निरोप घेऊन आले की सरांनी पोंभुर्णाला बोलावलंय आणि मलाही. मी मशीन घेऊन यायचं होतं.

"तुले काऊन?" वाटेत तिने विचारलं.

"माहीत नाही."

"अन् मशीन काऊन?"

ती ओढणीचा काठ दोन बोटांभोवती गुंडाळत चालत होती. तिला अंदाज आला होता असं मला वाटलं.

स्टाफरूममध्ये सर एकटेच होते. टेबलावर तिचा पेपर होता आणि शेजारी ते जप्त केलेलं घड्याळ. सर माझ्याशी नेहमी इंग्रजीत बोलायचे, बाकीच्यांशी मराठीत. त्या दिवशीही त्यांनी मला इंग्रजीत बसायला सांगितलं आणि तिला काहीच सांगितलं नाही. म्हणून मीही उभी राहिले.

"तारेच्या गणितात हे काय लिहिलंय?" त्यांनी तिला विचारलं.

प्रश्नात तारेची त्रिज्या ०.०१००९ सेंटीमीटर दिली होती. तिच्या उजव्या रकान्यात त्यापुढे लिहिलं होतं: लॉग = उणे १.९९६२.

"लॉग आहे सर. त्रिज्येचा."

"ते मला दिसतंय. लॉगच्या पुस्तकात उणे कुठे असतं?"

"नसते सर."

"मग?"

"बार दोन आलं होतं. मी ते वजा करून घेतलं."

"वर्गात मी असं शिकवलं?"

"नाई सर."

"मग कोणी शिकवलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती हातातल्या ओढणीच्या काठाकडे पाहत होती. "मशीनमधे पाह्यलं होतं," ती म्हणाली.

सरांनी पेन खाली ठेवलं. मला वाटतं तिला त्याच क्षणी कळलं की आपण काय बोललो. पण तिने वाक्य फिरवलं नाही, पुढेही काही जोडलं नाही.

"उणे एक पूर्णांक असं असलं उत्तर फक्त कॅल्क्युलेटरवर येतं," सर म्हणाले. ते चिडलेले नव्हते. "लॉगचं बटण असलेला कॅल्क्युलेटर वर्गात एकाच मुलीकडे आहे आणि ती तुझ्या खोलीत राहते." मग माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं की पेपराच्या दिवशी हे मशीन कुठे होतं.

"ट्रंकेत, सर," मी म्हटलं.

"किल्ली?"

"माझ्याकडे."

"ट्रंक तू स्वतः उघडून पाहिलीस, पेपराच्या आधी?"

"नाही."

ते खरं होतं. ट्रंकेचं कुलूप नुसतं अडकवलेलं असायचं, आणि हे सगळ्या मुलींना माहीत होतं. तेही मी सांगितलं, कारण त्यांनी पुढे तेच विचारलं.

सरांनी एक कोरा कागद तिच्यापुढे सारला आणि लॉगचं पुस्तक दिलं. एक संख्या सांगितली. तिने उभ्याउभ्याच वाकून पुस्तकात पाहिलं, बार लिहिलं, वजा केलं, उणे आकडा लिहिला. बरोबर होता. सरांनी आणखी एक दिली. तीही बरोबर आली.

"तुला येतं," ते म्हणाले. "पण आज येतंय म्हणून त्या दिवशी तू काय केलंस ते मला कसं कळणार? हे तर कोणीही एका रात्रीत शिकेल. प्राचार्यांना मला आज संध्याकाळी यादी द्यायची आहे. यादीत तुझं नाव घालू नये असं मला वाटतं. पण वाटून चालत नाही. घड्याळवाल्या पोराचा बाप काल इथे बसून गेलाय. तो विचारेल, हिला सोडलं, माझ्या पोराला का नाही."

त्याच वेळी टेबलावरच्या घड्याळाने दोनदा टुक्‌ टुक्‌ केलं. तास झाला होता. ते बंद कसं करायचं ते स्टाफरूममध्ये कोणाला येत नव्हतं. सरांनी ते उचलून खणात टाकलं.

तिने विचारलं, "सर, नाव गेलं तं वर्ष जाईल?"

"नियम तसा आहे."

"मले तिसरं वर्ष नाई सर."

तिच्या बोलण्यात विनवणी नव्हती, त्यामुळे ते ऐकणं जास्त अवघड होतं.

मी इतका वेळ तो पेपर पाहत होते. मला कोणाच्या चेहऱ्याकडे पाहणं टाळायचं असलं की मी समोर जे लिहिलेलं असेल ते वाचते. तिचा तो आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला असेन. मशीन माझ्या हातातच होतं. सर दाराबाहेर पाहत असताना मी ०.०१००९ दाबलं आणि लॉग दाबलं. आलं उणे १.९९६१०८८.

पेपरात १.९९६२ होतं.

मी परत दाबलं. तेच आलं. जवळचा आकडा धरला तरी ६१ आणि पुढचे आकडे नुसते सोडून दिले तरी ६१. कसंही केलं तरी ६२ होत नव्हतं. मशीनवरून उतरवताना चूक झाली असेल असंही मनात आलं. मग मी लॉगच्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. पहिलीच ओळ दहाची. शून्याखाली शून्य, आणि उजवीकडच्या फरकाच्या रकान्यात नऊखाली अडतीस. दोनातून ०.००३८ वजा केले की १.९९६२.

आता बोलायला हवं होतं. मी वाक्य आधी इंग्रजीत जुळवलं आणि मग मराठीत बोलले, कारण तिलाही ते कळायला हवं होतं.

"सर, हे मशीनचं नाही."

"काय?"

"हा आकडा. मशीनवर शेवटी एकसष्ट येतं. तिचं बासष्ट आहे. पुस्तकातून काढलं तर बासष्टच येतं."

सरांनी मशीन मागून घेतलं. ते त्यांनी कधी हाताळलं नसावं, बटणं शोधत एकेक दाबलं. पडदा डोळ्यांजवळ नेला. मग पुस्तक ओढलं, बोट दहाच्या ओळीवर ठेवलं आणि शेवटच्या रकान्यापर्यंत नेलं. तोंडाने 'अडतीस' म्हणाले. कागदावर वजाबाकी केली. मग पुन्हा मशीन.

"बरोबर आहे," ते स्वतःशी म्हणाल्यासारखं म्हणाले. नंतर आम्हा दोघींकडे पाहून वर्गात सांगतात त्या आवाजात सांगू लागले. उजवीकडच्या रकान्यातले फरक सरासरी असतात. खालच्या ओळींत लॉग सावकाश वाढतो, तिथे सरासरी चालून जाते. पहिल्या ओळीत तो भराभर वाढतो, तिथे शेवटचा आकडा एखाद्याने घसरतो. खरा आकडा एकोणचाळीस, पुस्तक देतं अडतीस. "मला हे माहीत आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं माहीत आहे. पेपर तपासताना डोक्यात आलं नाही. मी फक्त ते उणे चिन्ह पाहिलं."

"मी उगाच मधला आकडा बदलला असं बी होऊ शकते ना सर," ती अचानक म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं.

"म्हणजे?"

"पोरी करतात ना. मशीनवर काढून मंग रकाना भरतात. शेवटचा आकडा बदलतात."

सर हसले. त्यांना मी पहिल्यांदा हसताना पाहत होते. "करतात. पण उत्तर जुळवायला बदलतात. पुस्तकाची चूक जुळवायला कोणी बदलत नाही. त्यासाठी पुस्तकच उघडावं लागतं." त्यांनी तिच्या पेपरावर लाल शाईत लिहिलेला शेरा खोडला आणि खोडलेल्या जागी सही केली. त्या गणिताचे मार्क दिले, त्यातला एक कापला.

"हा एक का कापला ते विचार."

"काऊन सर?"

"बोर्डाचा तपासणारा तुला समोर बोलावणार नाही. त्याच्याकडे तुझी मैत्रीणही नसेल. उणे चिन्ह दिसलं की तो रेघ मारेल, पुढचं पान उलटेल. तिथे बार लिहायचा. घरी काय करायचं ते कर."

"पन सर, चूक आहे का ते?"

"चूक नाही."

"मग?"

"मग काही नाही. बार लिहायचा."

आम्ही बाहेर आलो. मैदानात मुलं व्हॉलीबॉल खेळत होती. मला वाटलं ती काहीतरी म्हणेल, आणि त्याला काय उत्तर द्यायचं याची मी तयारी करत होते. हायस्कूलच्या कुंपणापर्यंत ती माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिली.

मग म्हणाली, "म्हणजे चुकलं म्हणून वाचली मी."

"तू चुकली नाहीस. पुस्तक चुकलं."

"तेच. पुस्तक बरोबर असतं तर एकसष्ट आलं असतं. मग मशीनचं बी एकसष्ट, माह्यं बी एकसष्ट. मग तू काय सांगितलं असतं?"

त्रिज्या दुसरी दिली असती, ०.०३४५ दिली असती, तर पुस्तक आणि मशीन चारही आकड्यांत जुळले असते, आणि तिच्या खरेपणाची खूण कागदावर कुठेच राहिली नसती. सर चांगले होते, तरी यादीत नाव गेलं असतं.

"काहीच नाही," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. तिला राग आला होता, पण माझा नाही. कोणाचा ते तिलाही सांगता आलं नसतं. वसतिगृहाच्या दारात आरमोरी उभी होती. "काय झालं?" तिने विचारलं, आणि पोंभुर्णा म्हणाली, "काई नाई. बारले परत घरात घ्या म्हणून राह्यले सर."

हॉल तिकिटं फेब्रुवारीच्या शेवटी मिळाली. घड्याळवाल्या मुलाला मिळालं नाही. तिने आपलं कंपासपेटीत ठेवलं, कर्कटकाच्या खाली. त्या दिवसापासून परीक्षेपर्यंत ती प्रत्येक गणित दोन्ही प्रकारे करत होती. डावीकडे पेन्सिलीने तिचं, उजवीकडे पेनाने सरांचं. मी पाहणारी असायचे, ती लिहिणारी. मी तिला एकदा म्हटलं, बारचीच सवय कर, वेळ वाचेल. ती म्हणाली की बारमध्ये हातचा आला की तिला आपण काय करतोय ते दिसत नाही, नुसता नियम दिसतो. आणि नियम विसरला तर? तिच्या पद्धतीत विसरण्यासारखं काही नव्हतं.

बोर्डाचा भौतिकशास्त्राचा पेपर दुपारी होता. आमचे नंबर वेगवेगळ्या खोल्यांत आले होते. सुटल्यावर ती मला नळाजवळ भेटली. तोंडावर पाणी मारत होती. आजूबाजूला मुलं उत्तरं ताडून पाहत होती, मोठमोठ्याने. ती त्यांच्यात गेली नाही.

"एक गणित राह्यलं," ती म्हणाली.

"येत नव्हतं?"

"येत होतं. वेळ गेला. बाकीचे दोनदा केले ना."

"बार लिहिलास?"

"लिहिला. रकान्यात सगळीकडं बार. मांगच्या पानावर माह्यं कच्चं काम."

"खोडलंस ना ते? आडवी रेघ मारलीस ना?"

ती ओढणीने तोंड पुसत होती. कच्च्या कामावर रेघ मारायची असते, नाहीतर तपासणारा तेही वाचतो, हे सरांनी दहा वेळा बजावलं होतं.

"नाई मारली," ती म्हणाली. "कोनी पाह्यलं तं पाहू दे."

मग तिने विचारलं की पोंभुर्ण्याची पाचची गाडी असते का सहाची, आणि आम्ही सामान बांधायला निघालो.